अचानक उठलेली डोकेदुखी, मेंदूतला फुटलेला एन्युरिझम आणि पुढचे एकवीस दिवस

देवासच्या एका लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे: बावन्न वर्षांच्या बाई पहाटे नळाला पाणी आलं म्हणून मोटर लावायला गेल्या, तिथेच डोक्यात जबरदस्त कळ आली, दोनदा उलटी झाली. दवाखान्यात आल्या तेव्हा पूर्ण शुद्धीवर, मान मऊ, बीपी १८४/१०२. घरचे म्हणतात, परवाच्या उपासाचं पित्त आहे. डायक्लोफेनॅक दिल्यावर दुखणं निम्म्यावर आलं, आता घरी जातो म्हणतात. सोडायचं का? नसेल सोडायचं तर इंदूरला पाठवण्याआधी काय करायचं? आणि ऑपरेशननंतर पेशंट परत आमच्याकडे आला तर कशावर नजर ठेवायची?

सोडायचं नाही. ही हकीकत मेंदूतला एन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, फुटून झालेल्या रक्तस्रावाची वाटते. ज्या तीन गोष्टींमुळे तुम्हाला थोडा धीर आलेला दिसतो, त्यातली एकही धीर देण्यासारखी नाही. रक्त मेंदूच्या आवरणाखाली पसरून मान ताठ व्हायला काही तास लागतात, त्यामुळे दुसऱ्या तासाला मान मऊ असणारच. वेदनाशामकाने दुखणं कमी होणं हे निदानाच्या बाजूचंही नाही आणि विरुद्धही नाही, एन्युरिझमची डोकेदुखीसुद्धा इंजेक्शनने उतरते. आणि पेशंट शुद्धीवर आहे म्हणजे आजार हलका आहे असं नव्हे, तर वाचवण्यासारखं सगळं अजून शिल्लक आहे एवढंच.

या आजारात निदान हुकतं ते बहुतेकदा मशीनपाशी नाही, प्रश्न विचारताना हुकतं. ‘किती दुखतंय?’ या प्रश्नाला प्रत्येक जण ‘खूप’ म्हणतो. विचारायचं ते असं: ‘दुखायला लागलं तेव्हा नेमकं काय करत होतात?’ मायग्रेनवाली बाई सांगेल, सकाळपासून जरा जड होतं, दुपारी वाढलं. एन्युरिझम फुटलेली बाई सांगेल, मोटरच्या बटणाला हात लावला आणि झालं. क्षण सांगता येतो. पुढचा प्रश्न: शून्यापासून टोकाला जायला किती वेळ लागला? सेकंदांत किंवा मिनिटाभरात टोक गाठलं असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो रक्तस्रावच धरावा. मग सोबतच्यांना बाजूला घेऊन विचारा, मध्ये डोळे फिरवले का, क्षणभर तरी शुद्ध हरपली का. पेशंटला स्वतःला ते आठवत नाही.

कॅनडातल्या ओटावा नियमात सहा गोष्टी आहेत: वय ४० किंवा जास्त, मानेत दुखणं किंवा ताठरपणा, कोणीतरी पाहिलेली बेशुद्धी, श्रम करताना सुरुवात, क्षणात टोकाला गेलेलं दुखणं, आणि तपासताना मान पुढे न वाकणं. जागा असलेला, दुसरी कुठली न्यूरॉलॉजिकल खूण नसलेला पेशंट असेल आणि यातली एकही गोष्ट नसेल तरच स्कॅनशिवाय सोडता येतं. तुमच्या पेशंटकडे वय आणि क्षणात आलेली कळ अशा दोन तर उघड आहेत.

आपल्याकडे हा आजार तीन नावांनी घरी परत जातो: पित्त, स्पाँडिलायटिस आणि ‘बीपी वाढलं म्हणून डोकं दुखलं’. तिसरं नाव सगळ्यात फसवं, कारण बीपी खरंच वाढलेलं असतं, फक्त कारण-परिणाम उलटे असतात. चौथी फसगत घरच्यांची नाही, आपली असते. मेंदूत रक्त सांडल्यावर अ‍ॅड्रेनॅलिनची लाट येते, ईसीजीत टी-लहरी खोल उलट्या होतात, एसटी बदलतो, हृदयाला इजा झाल्यावर वाढणारा ट्रोपोनिनही वाढतो. बाई चक्कर येऊन पडली, ईसीजी असा, म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि हेपॅरिन एका दमात जातात. पडण्याआधी ‘डोकं’ हा शब्द कुणाच्या तोंडून आला होता का, एवढं विचारल्याशिवाय लोडिंग डोस देऊ नये.

सुरुवातीची वेळ केस पेपरवर वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा, कारण इथून पुढचा प्रत्येक निर्णय ‘किती तास झाले’ यावर बसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ३,१३२ रुग्णांच्या कॅनडातल्या अभ्यासात सहा तासांच्या आत काढलेल्या सीटीत एकही रक्तस्राव निसटला नाही. सहा तासांनंतर काढलेल्या सीटीची पकड ८५.७ टक्क्यांवर आली. आठवड्याभराने तर साधा सीटी जवळजवळ नाणेफेक ठरतो, कारण रक्त विरघळून मेंदूच्या रंगाचं होतं. त्या अभ्यासाच्या अटी मात्र विसरू नका: आधुनिक मशीन, पातळ काप, आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टने वाचलेली फिल्म. रात्री दोन वाजता मोबाइलवर आलेल्या फोटोवरून ‘नॉर्मल’ म्हणणं या अटीत बसत नाही. आपल्या भागात आणखी एक खाच आहे: हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर ताजं रक्तही सीटीवर पुरेसं पांढरं दिसत नाही. आपल्याकडच्या बायकांमध्ये असं हिमोग्लोबिन काही दुर्मीळ नाही, तेव्हा अशा वेळी सहा तासांच्या नियमावर विसंबू नका.

सीटी स्वतः पाहायची सवय ठेवा. मेंदूच्या तळाशी, मिडब्रेनच्या पुढे पंचकोनी जागा असते, ती एरवी काळी दिसते. ती पांढरी किंवा नुसतीच राखाडी झाली असेल तर तिथेच थांबा. मग मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या सिल्व्हियन फटी एकमेकींशी ताडून बघा, पार्श्व निलयांच्या (मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांच्या) मागच्या टोकांत रक्ताचा थर बसलाय का ते पाहा, आणि टेम्पोरल हॉर्न, म्हणजे निलयांची कानशिलाकडची टोकं, उघडलेत का ते पाहा. तरुण मेंदूत टेम्पोरल हॉर्न ठळक दिसणं म्हणजे पाणी साचायला लागल्याची पहिली खूण, बाकीचे निलय फुगण्याच्या आधीची.

सीटी स्वच्छ, पण सहा तास उलटून गेलेत आणि हकीकत पक्की आहे, तर कमरेतून पाणी काढायचं. लाल पेशी फुटून बिलिरुबिन तयार व्हायला साधारण १२ तास लागतात, त्याआधी काढलेलं पाणी पिवळं दिसलं नाही तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. चार नळ्या, क्रमांक घालून. सुई लागून आलेलं रक्त पहिल्या नळीपासून चौथीपर्यंत कमी होत जातं म्हणतात, पण नुसतं कमी होणं पुरेसं नाही, चौथ्या नळीत ते जवळपास संपायला हवं. नळी लगेच सेंट्रिफ्यूज करायची आणि वरचा द्रव पांढऱ्या कागदासमोर, उजेडात, शेजारी साध्या पाण्याची नळी धरून बघायचा. चौथ्या नळीत घन मिलिमीटरला २,००० पेक्षा कमी लाल पेशी आणि पिवळेपणा नाही, तर एन्युरिझमचा रक्तस्राव नाही म्हणता येतं. पंक्चरऐवजी थेट सीटी अँजिओ (रंगद्रव्य देऊन धमन्यांचा सीटी) करणारे बरेच आहेत आणि रात्रीच्या व्यवहारात ते सोयीचंही असतं. फक्त एक भान हवं: सुमारे ३ टक्के प्रौढांच्या डोक्यात न फुटलेला एन्युरिझम असतो. अँजिओत ३ मिलिमीटरचा फुगा सापडला म्हणजे डोकेदुखी त्याचीच, असं होत नाही.

आता पाठवण्याआधीचं. पहिल्या २४ तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सर्वात जास्त, त्यातही पहिले काही तास. दुसऱ्यांदा फुटल्यावर वाचणारे थोडे. म्हणून सगळी धडपड ‘पुन्हा फुटू नये’ याचसाठी. आधी दुखणं आणि उलटी आवरा, बीपी त्यानेच पुष्कळ उतरतं. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम, ते देण्याआधी ईसीजीत क्यूटी लांबलेला नाही ना ते पाहून. डायक्लोफेनॅक पुन्हा नको, प्लेटलेट्स मंदावतात. मग बीपी: लॅबेटालॉल १० ते २० मिलिग्रॅम दोन मिनिटांत सावकाश, दहा मिनिटांनी गरज पडली तर पुन्हा. दमा किंवा मंद नाडी असेल तर लॅबेटालॉल टाळा. वरचं बीपी १६० च्या खाली आणायचं, पण धाडकन ११० वर नाही. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडणं अजून काही ठिकाणी चालतं, ते थांबवा. बीपी किती पडेल याचा त्यात कुणालाच अंदाज नसतो, आणि सुजलेल्या मेंदूला तेवढं पडणं झेपत नाही.

सलाईन नॉर्मलच लावा, डेक्स्ट्रोज नको. डोक्याकडची बाजू ३० अंश वर. पेशंट नीट गिळत असेल तर निमोडिपिन ६० मिलिग्रॅम तोंडाने, बीपी पाहून. जीसीएस (शुद्ध मोजायचं ३ ते १५ चं माप) ८ किंवा खाली असेल तर श्वासनलिकेत नळी टाकूनच गाडीत चढवा, वाटेत टाकू म्हणू नका. झटका आला असेल तर लेव्हेटिरासिटाम. फेनिटॉइन या आजारात मागे पडलंय, शिवाय ते निमोडिपिनचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. पेशंट झडपेच्या आजारासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी), व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, आणि पुढच्या हॉस्पिटलला प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (रक्त गोठवणारे घटक) तयार ठेवायला फोन.

आणि मॅनिटॉल. मेंदूचा पेशंट म्हटलं की १०० मिली तीन वेळा, सोबत डेक्सामेथासोन, सोबत सिटिकोलिन, असा संच कागदावर आपोआप उमटतो. शुद्धीवर असलेल्या, बाहुल्या सारख्या असलेल्या पेशंटला यातल्या कशाचाही उपयोग नाही. उलट मॅनिटॉलने लघवी होऊन शरीर कोरडं पडतं, आणि पुढे चौथ्या दिवसापासून धमन्यांच्या ज्या आकुंचनाशी झगडायचं असतं त्याला कोरडं शरीर म्हणजे आमंत्रण. एक बाहुली मोठी होऊन स्थिर झाली, शुद्ध झपाट्याने उतरली, तर मात्र किलोला अर्धा ते एक ग्रॅम बेधडक द्या. रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचंही तसंच: २०२१ च्या अल्ट्रा चाचणीत लवकर दिलेल्या डोसाने रुग्णांची अंतिम अवस्था सुधारली नाही, तेव्हा नेमाने देण्यात अर्थ नाही.

जवळ अर्ध्या तासात सीटी होत असेल तर करून पाठवा. तंत्रज्ञ घरून यायचाय, तास लागेल, असं असेल तर वाट पाहू नका, देवासहून इंदूर काही लांब नाही. फोनवर तीन गोष्टी विचारा: सीटी अँजिओ रात्री होतो का, कॅथलॅब चालू आहे का, क्लिप लावणारे (कवटी उघडून फुग्याची मान चिमट्याने बंद करणारे) आणि कॉइल टाकणारे (धमनीतून जाऊन फुगा तारेने भरणारे) दोघेही उपलब्ध आहेत का. खाटेची चौकशी त्यानंतर. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जे तास जातात, तेच पुन्हा फुटण्याचे तास असतात. खंडवा-बुऱ्हाणपूरकडून पाठवणाऱ्यांनी भेरूघाटातला खोळंबा हिशेबात धरावा आणि लॅबेटालॉलचा पुढचा डोस सोबतच्या माणसाकडे भरून द्यावा. चिठ्ठीत सुरुवातीची वेळ, शुद्ध हरपली का, जीसीएस डोळे, बोलणं, हालचाल या तिन्ही घटकांसह (नुसतं ‘१३’ नको), बाहुल्या, दिलेलं प्रत्येक औषध वेळेसह, शेवटचं जेवण, क्रिएटिनिन. सीटीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाऊ द्या, पण सीडी पेशंटसोबत जायला हवी. आयुष्मान कार्ड आणि आधार घरून मागवून घ्या. घरचे कार्डासाठी मागे थांबले तरी चालेल, गाडी थांबू नये.

इंदूरला पोहोचल्यावर दर्जा जीसीएसवर ठरतो. जागतिक न्यूरोसर्जरी संघटनेच्या १९८८ च्या मापात १५ म्हणजे पहिला, १३-१४ म्हणजे दुसरा, त्यात हातापायाची कमजोरी किंवा वाचा जाणं असेल तर तिसरा, ७ ते १२ चौथा, ३ ते ६ पाचवा. चौथ्या-पाचव्या दर्जाचा पेशंट पाहून नातेवाइकांना लगेच ‘आशा नाही’ सांगू नये. निलयांत पाणी तुंबलं म्हणून गुंगी असेल तर नळी घातल्यावर काही तासांत माणूस डोळे उघडतो, आणि दर्जा तेव्हा पुन्हा मोजायचा असतो. त्या नळीचा, म्हणजे ईव्हीडीचा, शून्य कानाच्या ट्रॅगसच्या (छिद्रापुढच्या उंचवट्याच्या) पातळीवर. एन्युरिझम बंद होईपर्यंत ठिबक १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवतात, कारण पाणी भसाभस काढलं की बाहेरचा दाब उतरतो आणि फुगा पुन्हा फुटू शकतो. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो: वॉर्डबॉय किंवा नातेवाईक खाट वरखाली करतात आणि नळीची पातळी कुणी पुन्हा लावत नाही. खाट हलवण्याआधी नळी बंद, पातळी लावली की उघडी, हे खाटेपाशी मोठ्या अक्षरात लिहून लावावं.

क्लिप की कॉइल, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. १९३७ साली वॉल्टर डँडी यांनी पहिली क्लिप लावली. १९९० पासून ग्युल्येल्मी यांची प्लॅटिनमची कॉइल मांडीतल्या धमनीतून आत जाऊ लागली. २००२ च्या आयसॅट चाचणीत, जिथे दोन्ही उपाय शक्य होते अशा २,१४३ रुग्णांत, वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइल गटात २३.७ टक्के आणि क्लिप गटात ३०.६ टक्के होतं. म्हणून दोन्ही जमण्यासारखे असतील तर कॉइल आधी. पण मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावरचा रुंद मानेचा फुगा, त्यात टेम्पोरल भागात रक्ताची मोठी गाठ झालेली, तर कवटी उघडावीच लागते, तेव्हा क्लिपही त्याच बैठकीत होते. बेसिलर धमनीच्या टोकावरचा फुगा, वय झालेला पेशंट, तर कॉइल. ताज्या रक्तस्रावात शक्यतो स्टेंट टाळतात, कारण त्यासाठी दोन प्रकारची प्लेटलेट-विरोधी औषधं द्यावी लागतात आणि शेजारी ईव्हीडी असेल तर नळीच्या वाटेने रक्त येतं. कॉइल किती लागतील ते आत गेल्याशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे बिलाचा नेमका आकडाही आधी कुणी देऊ शकत नाही. हे घरच्यांना सही घेण्याआधी सांगावं, नंतर नाही. वेळ म्हणाल तर २४ तासांच्या आत.

एन्युरिझम बंद झाला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पेढे येतात. नेमका चौथा दिवस तेव्हा उजाडत असतो. चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत, त्यातही सातवा ते दहावा, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि सुमारे तीसपैकी नऊ-दहा जणांना रक्तपुरवठा कमी पडून नवी कमजोरी येते. निमोडिपिन ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी २१ दिवस, या आजारात खात्रीचा फायदा दाखवलेलं औषध हेच. ते धमनी फारशी उघडत नाही, तरी निकाल सुधारतो. बीपी पडत असेल तर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी करा, बंद करू नका. नाकातल्या नळीतून देताना गोळी कुटून ज्या सिरिंजमध्ये भरता तिच्यावर ‘तोंडाने’ असं लाल अक्षरात लिहा. ती चुकून शिरेत गेली तर जिवावर बेतू शकतं.

या काळात तासातासाला बघायचं ते साधं: नाव, वार, जागा विचारा, दोन्ही हात समोर तळवे वर करून धरायला लावा, डोळे मिटायला सांगा. एक तळवा वळून खाली घसरू लागला तर ती पहिली खूण. काल बोलणारी बाई आज ‘झोपाळू’ वाटते, हीही खूण, तिला ‘रात्री झोप झाली नसेल’ म्हणू नका. लगेच सोडियम, साखर, ताप, ऑक्सिजन आणि सीटी. पाणी तुंबलं नाही, रक्त नवं नाही, झटका नाही, मग आकुंचन धरून चाला. ट्रान्सक्रेनियल डॉपलरवर (कवटीवरून केलेल्या सोनोग्राफीत) मिडल सेरेब्रलमधल्या रक्ताचा वेग १२० सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या वर जात असेल तर संशय, २०० वर असेल तर जवळपास खात्री. एन्युरिझम बंद असेल तरच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने बीपी पायरीपायरीने वाढवा आणि दर पायरीला हात पुन्हा तपासा. तासाभरात फरक नसेल तर कॅथलॅब: धमनीत निमोडिपिन किंवा मिलरिनोन, गरज पडली तर धमनी रुंद करायला बलून. पूर्वीसारखं सलाईनचा पूर ओतणं आता कुणी करत नाही, फुप्फुसांत पाणी भरतं. लघवीच्या हिशेबाने आत-बाहेर बरोबरीत ठेवणं एवढंच.

सोडियम १३५ च्या खाली जाणं इतकं नेहमीचं आहे की दिवसाआड तरी मोजावं, सातव्या दिवसाच्या आसपास रोज. आणि इथे एक प्रतिक्षिप्त कृती पेशंटला मारते: सोडियम कमी म्हणून पाणी तोडणं. लघवीवाटे मीठ जातंय की हार्मोनमुळे पाणी साठतंय याचा वाद नंतर घाला, या आजारात पाणी तोडायचं नाही. ३ टक्के सलाईन हळूहळू द्या, सोडियम दिवसाला ८ ते १० पेक्षा जास्त वाढू देऊ नका, आणि लघवी फार होत असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅम दोनदा.

तुमच्याकडे परत आल्यावर: २१ दिवसांचं निमोडिपिन पूर्ण होईपर्यंत रात्रीचे दोन आणि पहाटेचे सहा, दोन्ही वेळांचा गजर घरात लावायला सांगा, कारण बहुतेक घरांत रात्रीचा डोस गळतो. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर निमोडिपिन पोहोचतच नाही, ते इंदूरच्या टीमला कळवा. डोळ्यापुढे जाळं किंवा धुकं वाटत असेल तर नेत्रपटलासमोरच्या जेलीत रक्त गेलेलं असू शकतं, बाहुली रुंद करून तपासणी हवी. महिना-दोन महिन्यांनी चाल जड होणं, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसराळूपणा एकत्र दिसले तर ते वय नव्हे, तुंबलेलं पाणी आहे, शंटने (पाणी पोटात वळवणाऱ्या कायमच्या नळीने) सुधारतं. थकवा, चिडचिड, आठवण नीट न राहणं हे मात्र महिनोन्‌महिने चालतं आणि सीटी स्वच्छ असतो. सुनेने ‘आई नाटक करतात’ म्हणण्याआधी हे सांगून ठेवलेलं बरं. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद, बीपीची गोळी चुकवायची नाही. कॉइलवाल्यांचा पहिला पुनर्तपास साधारण सहा महिन्यांनी. घरात आणखी एका सख्ख्या नात्यात असाच रक्तस्राव झाला असेल, किंवा पेशंटच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठींचा आनुवंशिक आजार असेल, तर भावंडं आणि मोठ्या मुलांचा एमआर अँजिओ करून घ्यावा. आणि क्लिपचं किंवा कॉइलचं कार्ड पाकिटात ठेवायला सांगा. पुढे कधी गुडघ्याचा एमआरआय काढायची वेळ आली तर तंत्रज्ञ तेच पहिल्यांदा मागतो.